कुत्र्याला घेऊन होडीतून भटकायचंय, नदी कुठली निवडावी?

गंगावेशकर
मंडळी, यंदा दिवाळीनंतर दोन-तीन दिवस घरच्यांबरोबर पाण्यावर भटकायचा बेत आहे. रंकाळ्यातलं चक्कर मारून परत आणणारं बोटिंग नको. होडीत बसून काठाकाठानं निवांत जायचं, वाटेत झाडाखाली उतरून भाकरी-ठेचा खायचा, संध्याकाळी काठावरच्याच एखाद्या गावात मुक्काम. अडचण एकच, गोट्या. लॅब्रॅडॉर, वय चार, वजन विचारू नका. त्याला पुण्याला मेव्हण्याकडे ठेवायचं नुसतं नाव काढलं की पोरं जेवण सोडतात, त्यामुळं तो येणारच.

माझ्या डोक्यात दोन जागा आहेत. एक, कृष्णा, नृसिंहवाडीपासून खाली खिद्रापूरच्या बाजूला. घाट आहेत, देवळं आहेत, घरापासून जवळ. दुसरी, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. धाकट्या भावाचं घोडं तारकर्लीवर अडलंय. कुणी कुत्र्याला घेऊन असं केलंय का? नदी निवडताना नेमकं काय बघायचं? ‘कुत्र्याला घरी ठेवा’ हा सल्ला सोडून काहीही चालेल.

तालमीतला
कुत्र्याला घरी ठेवा.

(कुणीतरी म्हणणारच होतं, म्हणून मीच उरकून टाकलं. चला, आता कामाचं बोला.)

पांढरा_रस्सा
मला गोट्यापेक्षा होडीची काळजी वाटतीय.

सह्यभटक्या
शिवसागराबद्दल सांगतो. तिथं जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. जलाशय एक दिसला तरी दोन्ही काठ एकसारखे नाहीत. बामणोलीहून वासोट्याकडे जाणारा भाग कोयना अभयारण्यात येतो, आणि कोयना व चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिकडं वनखात्याची परवानगी घेऊन माणसं जातात, कुत्रा नाही. ‘आमचा शांत आहे’ वगैरे कारणं सांगू नका. शांत कुत्र्याच्या अंगावरूनही गोचीड जातात, डिस्टेंपर जातो, आणि जंगलातल्या कोल्ह्या-रानकुत्र्यांना लस कुणी टोचत नाही.

तापोळ्याच्या बाजूला मात्र काठावर गावं आहेत, शेती आहे, राहायला घरगुती सोयी आहेत. होड्या मोटारीच्या, पूर्ण ठरवून घ्यायच्या. कुत्रा चालेल का ते फोनवर आधीच विचारा आणि कुत्रा केवढा हेही सांगा. ‘छोटा आहे’ म्हणून लॅब्रॅडॉर घेऊन उभं राहिलेली माणसं मी बघितलीत.

मीनल_इचल
एक विनंती. जागा कुठलीही धरा, पंचगंगेत कुत्रा उतरवू नका. विशेषतः आमच्या इचलकरंजीपासून पुढं. उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलतात, मासे मरून वर येतात, हे इथल्या लोकांना नवीन नाही.

आणि जलपर्णी. तेरवाड बंधाऱ्याजवळ पाहिलेलं सांगते. वरून हिरवागार गालिचा, मधे जांभळी फुलं. एक गावठी कुत्रं बगळ्यामागं धावत आलं आणि सरळ त्या हिरव्यावर पाय टाकला. त्याला ते रानच वाटलं असणार. क्षणात दिसेनासं झालं. नशीब, काठाजवळच होतं. एका पोरानं काठीनं पानं बाजूला केली तेव्हा कुठं डोकं वर आलं. पोहता येणारं कुत्रंसुद्धा त्या मुळ्यांच्या जाळ्यात पाय मारू शकत नाही.

गंगावेशकर
मीनलताई, पंचगंगा माझ्या यादीत नव्हतीच. पण जलपर्णीचं हे लक्षात आलं नसतं. गोट्या हिरवं दिसलं की लोळतो.

नावाडी_शिरोळ
दादा, कृष्णेचं मी सांगतो. आमच्या घरात नाव होती. पूल झाल्यावर तिचा धंदा बसला, पण पाणी अजून कळतंय.

तुम्ही नकाशात बघताय की वाडीपासून खिद्रापूरपर्यंत निळी रेघ सरळ जातीय. रेघ सरळ असली तरी पाणी सरळ नाही. आपल्याकडच्या नद्या म्हणजे बंधाऱ्यांनी पाडलेले तुकडे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सगळ्यांनी पाहिलाय, पण त्याच्याकडं होडीतून कुणी बघितलेलं नसतं. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, पुढच्या पावसाआधी बरगे काढतात. म्हणजे तुमच्या दिवाळीनंतर बरगे घातलेले असणार. वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं गप्प. पण बरग्यांच्या फटीतनं ते ओढ घेतं, आणि ती ओढ वरून दिसत नाही. कुत्रं पोहत पोहत तिकडं गेलं तर बरग्यांना चिकटतं. बंधारा दिसला की होडी लांबच थांबवायची आणि कुत्रं पट्ट्यात. होडी उचलून पलीकडं न्यायची म्हटलं तर काठ उभा, काळ्या मातीचा, गुडघाभर गाळ.

दुसरं, मोटारी. दोन्ही काठांवर उसाला पाणी उपसायच्या मोटारी बसवलेल्या आहेत. केबली काठावरनं पाण्यात गेलेल्या, कुठं कुठं जोडाला टेप गुंडाळलेली. ओल्या अंगाचं कुत्रं त्यातनं पळणार. माणूस बघून पाय टाकतो, कुत्रं वास बघतं.

तिसरं सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

मास्तर_सांगलीकर
मी घेतो. मगर.

औदुंबर, भिलवडीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत मगरी आहेत, वारणेतही आहेत. थंडीत दुपारच्या वेळी मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. दिवाळीनंतरचा काळ म्हणजे त्या दिसण्याचाच काळ.

तालमीतला
मास्तर, वाडीच्या घाटावर रोज शेकड्यांनी माणसं बुडी मारतात. मगर असती तर दत्त महाराजांनी आधी सांगितलं असतं. उगाच घाबरवू नका पाहुण्याला.

मास्तर_सांगलीकर
घाबरवत नाही. घाटावर गर्दी, आवाज, पायऱ्या. मगरीला तिथं काय काम? धोका आहे तो निवांत जागेला. आणि धागाकर्त्याला नेमकी निवांतच जागा हवी आहे. मगरीची शिकार करायची पद्धत म्हणजे काठालगत, डोळे तेवढे वर ठेवून दबा धरायचा. काठावर येऊन मान खाली घालून पाणी पिणारं चार पायांचं जनावर, हीच तिची रोजची ओळख. शेरडू, वासरू, कुत्रं. माणसापेक्षा कुत्र्याचा धोका जास्त आहे तो यामुळं. शिवाय ती १९७२ च्या कायद्यानं संरक्षित आहे आणि नदी तिचं घर आहे. पाहुणे आपण.

तालमीतला
पटलं. तुमचा मुद्दा खरा. दत्त महाराजांचं विधान मागं घेतो.

अनुजा_क
वाडीचा विषय निघालाच आहे तर. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, चार वेद म्हणतात त्यांना. त्या हिशेबानं गोट्याला वाडीला कुणी अडवायला नको! 😀

नावाडी_शिरोळ
ताई, अडवत कुणी नाही. पण घाटावर आधीच दहा-बारा वेद फिरत असतात, आणि पेढ्याची पुडी बघितली की त्यांचं आपसात पटत नाही. पाहुण्या कुत्र्याला तर ते होडीतनं उतरूच देत नाहीत.

पांढरा_रस्सा
पाचवा वेद लॅब्रॅडॉर 😂

कारवानवाला
सगळे लॅब्रॅडॉर धरून बोलताय, त्याचं ठीक आहे. तो मुळात कोळ्यांबरोबर जाळी ओढायच्या कामातून आलेला, बोटांमधे पडदा, जाड शेपूट, केसांना तेल. पण वाचणाऱ्यांत कारवान, मुधोळ, पश्मी असली सडपातळ शिकारी कुत्री पाळणारे आमच्यासारखे बरेच असणार. त्यांच्यासाठी लिहितो.

या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते. छाती खोल, कंबर बारीक, नुसता स्नायू. पाण्यात टाकलं की मागचा भाग खाली जातो, पुढच्या पायांनी पाणी बडवत उभं पोहायला लागतं आणि दोन मिनिटांत थकतं. हिवाळ्यात ओलं झालं की थरथर सुटते ती थांबत नाही. आमच्या राणीला मी पाण्यावर नेतो, पण अंगात जाकीट असल्याशिवाय होडीला पाय लावू देत नाही.

आणि हे डोळ्यांनी शिकार करणारं कुत्रं. काठावर काही हललं की झालं. पानकोंबडी असो, मुंगूस असो, मधे पाणी आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही. होडी ज्या बाजूला कलंडायची त्या बाजूला कलंडते. त्यामुळं अरुंद नदीपेक्षा मला मोठं तळं बरं वाटतं. काठ लांब, हलणारं काही दिसत नाही, राणी झोपते.

जनावरांचा_डॉक्टर
धागा उशिरा पाहिला. कारवानवाल्यांनी जाकिटाचं लिहिलं ते लॅब्रॅडॉरलाही लागू आहे, विशेषतः ‘वजन विचारू नका’ वाल्या. कुत्र्याचं जाकीट घेताना पाठीवरची मूठ आधी बघा. मजबूत शिवलेली मूठ हवी, कारण पाण्यातून कुत्रा वर घेताना तुमच्या हाताला दुसरं काहीच लागत नाही. मानेचा पट्टा धरून ओढलं तर पट्टा निसटतो किंवा गळा आवळतो. पग, बुलडॉग यांना तर जाकीट असूनही खोल पाण्यात सोडू नका. नाक आखूड असल्यानं पोहताना श्वास पुरत नाही.

आता लस. लेप्टोस्पायरोसिस हा उंदीर, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि साचलेल्या, संथ पाण्यात टिकतो. पावसाळ्यानंतरचे काठ म्हणजे त्याला सोयीची जागा. बहुतेक एकत्रित लसींमध्ये लेप्टो असतो, पण सगळ्यांत नसतो. लसीच्या पुस्तकातलं स्टिकर बघा, शंका असेल तर आपल्या डॉक्टरला विचारा. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, मग दर वर्षी. म्हणजे दिवाळीनंतर जायचं तर आत्ताच सुरुवात हवी. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा पायाला जखम असेल तर तुम्हीही चिखलात उतरू नका.

पाण्यावर हिरवट-निळसर रंगासारखा तवंग दिसला तर कुत्र्याला तिथं पाय बुडवू देऊ नका, पिणं तर लांबच. त्या शेवाळाचं विष यकृतावर जातं आणि काही वेळा उपचाराला वेळच मिळत नाही. प्यायचं पाणी घरून न्या.

लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे चेंडूचा खेळ. पाण्यात चेंडू फेकत राहिलं की लॅब्रॅडॉर तोंड उघडं ठेवून पोहतो आणि प्रत्येक फेरीत पाणी गिळतो. तासभर चाललं तर रक्तातलं सोडियम इतकं उतरतं की कुत्रा झोकांड्या खातो, ओकतो, झटके येतात. लोकांना वाटतं दमला. थोडं खेळवा, बाहेर काढा, लघवीला वेळ द्या, मग परत.

गंगावेशकर
डॉक्टर, मनापासून आभार. पुस्तक काढून बघतो. बाकीच्यांनो, मगर + मोटारी + बंधारे ऐकून कृष्णा बाद. घरी जाहीर केलं, आईला वाईट वाटलं, तिला वाडी करायचीच होती. आता वाडी वेगळी, गाडीनं.

टेम्सकाठचा_कोल्हापुरी
मी मूळचा शाहूपुरीचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात. इथं कुत्र्याला घेऊन कालव्यावर सुट्टी घालवणं म्हणजे अगदी घरगुती प्रकार. अरुंद लांब होडी असते, रुंदी सात फुटांहूनही कमी, आत झोपायला, स्वयंपाकाला जागा. स्वतःच चालवायची. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल. पण इथलेही लोक ‘कुत्रा आहे’ म्हटल्यावर नदी-कालवा निवडताना विचार करतात, तो तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

कालव्याच्या काठानं पूर्वी घोडे होडी ओढत जायचे, तो रस्ता अजून आहे. त्यामुळं घरातला एक जण कुत्र्याला घेऊन काठानं चालतो, होडी शेजारून येते. वेग एकच. दमला की पुढच्या पुलाशी आत घ्यायचा. हे सुख नदीवर मिळत नाही. टेम्सला काठानं पायवाट आहे, पण ती मधेच पलीकडच्या तीरावर जाते, आणि पाऊस झाला की प्रवाह वाढतो. तिथल्या लॉकवर लाल-पिवळे फलक लावतात, लाल लागला की होडी बांधून बसायचं.

लॉक म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करायची दारं. केनेट आणि एव्हन कालवा ८७ मैलांचा आहे आणि त्यावर डिव्हायझेसजवळ केन हिलला एका चढणीवर २९ लॉक आहेत. तिथं कुत्रं आत बंद किंवा काठावर बांधलेलं. लॉकच्या भिंती ओल्या, उभ्या, आत पडलं तर बाहेर यायला वाट नाही.

नॉर्फोक ब्रॉड्सला लॉक नाहीत, म्हणून नवशिके तिकडं पळतात. पण तिथल्या नद्यांना भरती-ओहोटी आहे, ग्रेट यारमथजवळ ओढ जोराची, आणि होडी बांधायच्या जागी काठाला लाकडी-लोखंडी उभे पत्रे ठोकलेले. कुत्रा पडला तर नखं लागत नाहीत.

आणि वेल्समधला पाँटकिसिल्टे जलसेतू, १८०५ चा. ३८ मीटर उंचीवर लोखंडी पन्हाळीतून होडी जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, पन्हाळीची कड आणि थेट खाली दरी. तिथून जाताना माझ्या बायकोनं कुत्र्याला आत नेऊन दार लावलं, आणि मग मलाही आत बसायला सांगितलं.

तालमीतला
ताशी चार मैल? आमच्या गल्लीतली म्हस संध्याकाळी घराकडं याच्यापेक्षा जोरात येते.

टेम्सकाठचा_कोल्हापुरी
खरं आहे. आणि काठावरच्या आज्जी तुम्हाला मागं टाकून जाताना हात करतात. 🙂

सोनाली_नागाळा
फ्रान्समधल्या मिदी कालव्याचं खूप ऐकते. तिथं परवान्याशिवाय होडी मिळते म्हणे. कुत्र्याला कसं?

टेम्सकाठचा_कोल्हापुरी
मिळते, आणि कुत्रेही दिसतात. २४० किलोमीटर लांब, सतराव्या शतकातला. पण जुलै-ऑगस्टात तिथं ऊन बेकार. काठावरच्या चिनार जातीच्या झाडांची सावली हेच त्याचं वैभव होतं, तर बुरशीच्या रोगानं २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली. कुत्रा असेल तर मे किंवा सप्टेंबर. भारतातून कुत्रा घेऊन यायचा विचार असेल तर तो सोडाच. इंग्लंडात आणायचं तर रेबीजची रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणं, एवढ्यात सुट्टी संपते.

पांढरा_रस्सा
धाग्याचा पासपोर्ट निघाला. परत कोल्हापुरात या. गोट्याला काहिलीत बसवून पंचगंगा ओलांडायची, ही माझी अधिकृत सूचना.

नावाडी_शिरोळ
हसू नका, काहिलीतनं लोकांनी खरंच नद्या ओलांडल्यात. गुऱ्हाळाची काहील, गोल, बूड सपाट. पूर आला की दावं बांधून माणसं, धान्य, शेरडं, सगळं तीतनं काढलेलं आहे. पण ती गरगर फिरते, आणि आत एकानं जागा बदलली की सगळ्यांनी बदलायची. लॅब्रॅडॉर घेऊन नको.

अनुजा_क
तारकर्लीचं कुणी बोललं नाही, मी बोलते. आम्ही आमच्या इंडी कुत्रीला, चिमीला, घेऊन गेलो होतो. कर्ली नदीतून देवबागच्या संगमाकडं होडी जाते.

चांगलं काय, ते आधी. उतरायला वाळू आहे. कुत्र्याला उडी मारावी लागत नाही, होडी टेकते, चालत उतरतं. चिमी आयुष्यात एवढी पळाली नव्हती. जेवणाचा प्रश्न नाही, मासळीच्या वासानं ती दोन दिवस स्वर्गात होती.

वाईट. पाणी खारं. कितीही गोडं पाणी दिलं तरी पोहताना पोटात जातंच, रात्री जुलाब. भरती-ओहोटीची वेळ माहीत नसेल तर सकाळी जिथं वाळू होती तिथं दुपारी पाणी, आणि संगमाजवळ ओढ. कडेला फेकलेल्या जाळ्यांत गळ अडकलेले असतात, चिमीच्या पंजात एक गेला. पक्कड घेऊन जा. दुपारी वाळू इतकी तापते की मी तिला उचलून आणलं.

आणि होडीवाल्याचा मुद्दा. ठरवून गेलो तरी एकानं किनाऱ्यावर ऐनवेळी नकार दिला, कारण त्यानं त्याच होडीत दुसरं कुटुंब घेतलं होतं आणि त्यातली बाई कुत्र्याला घाबरत होती. चूक तिची नाही, आमचीही नाही. पूर्ण होडीचे पैसे देतोय, दुसरं कुणी नको, हे स्पष्ट बोलून घ्या.

गंगावेशकर
अनुजाताई, भावाला हे वाचून दाखवलं. ‘मासळीच्या वासानं स्वर्गात’ एवढंच त्यानं ऐकलं.

कारवानवाला
लांब जायची गरजच काय? भुदरगडात पाटगावचा मौनीसागर आहे, वेदगंगेवर. पाणी स्वच्छ, गर्दी नाही, मधाचं गाव म्हणून आता नाव झालंय. आजऱ्याकडं चित्री धरण आहे. फुगवायची कयाक घ्या, स्वतः वल्हवा.

सह्यभटक्या
जागा सुंदर आहेत, वाद नाही. पण धरणाच्या पाण्यात स्वतःची होडी घालायची म्हणजे पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, आणि भिंतीच्या, सांडव्याच्या जवळ जायचंच नाही. ‘कोण बघतंय’ असं म्हणून लोक उतरतात आणि काही झालं तर मदतीला काठावर माणूस नसतो. तिथल्या होड्या मासेमारीच्या, उतारू न्यायच्या नाहीत. राधानगरीचं तर नावच काढू नका, मागचं पाणी १९५८ पासूनच्या अभयारण्याला भिडलेलं आहे.

कारवानवाला
परवानगीचं मान्य. पण तुमच्या हिशेबानं मग सगळं तापोळ्यालाच. तिथं सुट्टीच्या दिवशी मोटारीच्या होड्यांचा आवाज ऐकलाय का? राणी दिवसभर कान पाडून बसली होती. तळ्यावर ती झोपते ते तळं शांत असेल तर.

सह्यभटक्या
ऐकलाय. म्हणून मधल्या वारी जायचं. शनिवार-रविवार मीही जात नाही.

नावाडी_शिरोळ
सगळ्यांचं वाचलं. लंडनच्या दादांच्या लिहिण्यात एक गोष्ट दोन-तीनदा आली, ती पकडा. लॉकची भिंत, ठोकलेले पत्रे, म्हणजे पडलं तर चढायला जागा नाही. आमचं गाळाचं काठही तेच. अनुजाताईंच्या वाळूत त्रास दहा झाले, पण चढ-उतार सोपा. कुत्र्यासाठी नदी निवडायची तर पाण्याआधी काठ बघायचा. दर अर्ध्या तासाला कुत्रं स्वतःच्या पायानं बाहेर येईल अशी जागा आहे का? असली तर नदी चालली.

आणि काठ महिन्यामहिन्याला बदलतो. धरणाचा काठ दिवाळीनंतर भरलेला, गवतापर्यंत पाणी. तोच काठ मे महिन्यात बघा. पाणी आत गेलेलं, मधे दोनशे पावलं चिखल, वरून वाळलेला, खालून ओला. गुरं रुततात त्यात. एकाच धरणाबद्दल एक जण चांगलं सांगतो, दुसरा वाईट. दोघं खरं बोलतात, महिना वेगळा.

मास्तर_सांगलीकर
उत्तम. यात पाण्याच्या विसर्गाचंही धरा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. पण पाऊस नसतानाही धरणातून सिंचनाला, विजेला पाणी सोडतात. खालच्या नदीत काठाला बांधलेली होडी आणि वाळूत झोपलेलं कुत्रं, दोघांनाही ते सांगून येत नाही. त्या दृष्टीनं धरणाच्या वरचं पाणी बरं.

गंगावेशकर
ठरत आलंय. तापोळा बाजू, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, पूर्ण होडी, दोन मुक्काम. आता अगदी बाळबोध प्रश्न. गोट्या होडीत कधी चढलेलाच नाही. रंकाळ्यावर नेऊन सवय करू का?

जनावरांचा_डॉक्टर
तिथल्या गर्दीत आणि आवाजात नको. जिथं जाल तिथंच, होडी अर्धी जमिनीवर टेकलेली असताना. आत त्याची घरची सतरंजी टाका, मधोमध. फायबरचा किंवा पत्र्याचा तळ घसरडा असतो आणि उन्हात भाजतो, कुत्र्याला घाम फक्त पंजांना. सतरंजीवर बसला की खायला द्या, उतरवा, परत चढवा. होडी हलवू नका. मग मोटार सुरू करून नुसती उभी ठेवा. इथपर्यंत शेपूट वर असेल तर निघा. तोंडातून लाळ गळायला लागली किंवा जांभया सुरू झाल्या तर त्याला होडी लागतेय, परत फिरा. सकाळचं जेवण हलकं.

होडीला कुत्रा बांधायचा नाही, कितीही भीती वाटली तरी. पट्टा हातात. होडी उलटली तर बांधलेलं कुत्रं तिच्याबरोबर जातं.

कारवानवाला
शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा कुणीतरी.

अनुजा_क
आणि घाण उचलायच्या पिशव्या, गोट्याच्या मानानं जास्त. आपल्यामागून येणाऱ्या कुत्रेवाल्याला होडीवाला हो म्हणणार की नाही, ते आपण होडी कशी परत देतो त्यावर आहे.

तालमीतला
जाकिटाचं माप कसं घ्यायचं तेही सांगा डॉक्टर, नायतर हा माणसाचं एक्सेल घेऊन येईल.

जनावरांचा_डॉक्टर
पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. कंपनीचा वजनाचा तक्ता बाजूला ठेवा. घालून मूठ धरून पुढचे पाय जमिनीवरून उचलले जातील इतकंच उचला. जाकीट कानाकडं सरकलं तर सैल आहे.

गंगावेशकर
माप घेतलं, जाकीट मागवलं. लसीच्या पुस्तकात लेप्टो सापडला, पण मुदत उलटून गेलीय. शनिवारी नेतो त्याला. तापोळ्याला दोन ठिकाणी फोन केले. एकानं विचारून सांगतो म्हटलं, दुसऱ्यानं विचारलं, ‘कुत्रा मटण खातो ना? मग काय अडचण नाही.’ दुसरं पक्कं केलं.

सह्यभटक्या, होडी किती वाजता सांगू?

सह्यभटक्या
सकाळी सातला. दुपारनंतर जलाशयावर वारा सुटतो आणि लाटा उठतात, नवख्या कुत्र्याला त्या नकोत. अकरापर्यंत फिरून परत या, चारपर्यंत सावलीत, मग वाटलं तर जवळच एक फेरी. त्रिवेणी संगमाकडं जाणार असाल तर ते सकाळच्या फेरीतच उरका. होडीवाल्याला आदल्या रात्री परत फोन करा, नुसतं ‘हो’ म्हणून ठेवलेलं असतं.

गंगावेशकर
सात म्हणजे घरच्यांना साडेसहा सांगतो.